जांभ्याच्या कातळावर छोटा क्रॉलर चालवायचा तर

१/२४ मापाचा रेडिओ क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळूहळू चढणारा रिमोटचा छोटा ट्रक, खोक्यातून काढून पुस्तकांच्या थप्पीवर सोडला, तर तो मजेत चढतो. तोच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, नेला की तिसऱ्या-चौथ्या दगडाला उताणा पडतो. मग बहुतेक जण मोटर बदलायला धावतात. माझं ठाम मत आहे की मोटरीवर पैसे सगळ्यात शेवटी घालावेत. ट्रक उलटतो तो ताकद कमी पडते म्हणून नव्हे. वजन वर आणि मागे असतं, म्हणून उलटतो. आधी वजन जागेवर आणावं, मग टायर आणि आतला फोम, मग स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), मग सस्पेन्शन. एवढं करून पैसे उरलेच तर मोटर. समुद्रकाठच्या माणसाला मात्र या सगळ्याच्या जोडीला खारं पाणी आणि लाल मातीचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

खाली लिहिलंय ते मुख्यतः ॲक्सियल कंपनीच्या एससीएक्स२४ जातीच्या ट्रकबद्दल. ट्रॅक्ससचा टीआरएक्स-४एम थोडा मोठा, १/१८ मापाचा. त्याला तेलाचे शॉक आणि पाणी सोसणारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडूनच मिळतात, त्यामुळे तिथे दोन कामं वाचतात. बाकीचं गणित दोघांना सारखंच लागू पडतं.

आधी जमीन समजून घेऊ. जांभा वरून खडबडीत, भोकाभोकांचा, आणि उन्हापावसात राहून वरची साल लोखंडासारखी टणक झालेली. कोरड्या जांभ्यावर मऊ रबर असं धरतं की घसरण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो उलटण्याचा. काळा खडक वेगळा. हरिहरेश्वरच्या बाजूला लाटांनी घासलेला बेसॉल्ट आहे, तिथे पकडच कमी, आणि शेवाळ असेल तर कुठलंही टायर चालत नाही. एकाच ट्रकने दोन्हीकडे सारखं चढावं ही अपेक्षा ठेवू नये. आपल्या घराजवळ काय आहे ते पाहून बांधावा.

आता वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. पुढची दोन चाकं काट्यावर ठेवा आणि मागची दोन काट्याच्याच उंचीच्या वहीवर. ट्रक सपाट राहिला पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. बॅटरी आत, बॉडी वर, सगळं चालवताना असतं तसंच. मग ट्रक फिरवून मागची चाकं मोजा. समजा पुढे १५५ ग्रॅम आणि मागे १६५ आले. म्हणजे पुढच्या चाकांवर निम्मंही वजन नाही.

हे सपाटीवरचं झालं. चढावर काय होतं? गुरुत्वमध्य जमिनीपासून ३५ मिमी वर आणि दोन ॲक्सलमधलं अंतर १३४ मिमी धरा. ४५ अंशांच्या चढावर ३५ भागिले १३४, म्हणजे सुमारे २६ टक्के भार पुढून मागे सरकतो. सपाटीवर पुढे ५० टक्के असतील तर चढावर २४ उरतात. पुढची चाकं नुसती टेकलेली राहतात, मागची ढकलतात, आणि नाक वर येऊन ट्रक पाठीवर पडतो. सपाटीवर पुढे ६२ टक्के असतील तर त्याच चढावर ३६ उरतात, आणि पुढची चाकं ओढायला लागतात. म्हणून पुढे ६० ते ६५ टक्के हे लक्ष्य ठेवा. त्याच्या पलीकडे गेलात तर उतारावर मागचा भाग हलका पडून ट्रक कोलांटी मारतो.

पहिला बदल फुकटचा आहे. बॅटरी मधोमध किंवा मागे असेल तर ती पुढे आणा. २५ ग्रॅमची बॅटरी ५० मिमी पुढे सरकवली की पुढच्या चाकांवर सुमारे ९ ग्रॅम वाढतात आणि मागचे तितकेच कमी होतात. वायर स्टिअरिंगच्या दांड्यात अडकत नाही ना, एवढं बघा. त्यानंतर पुढच्या ॲक्सलच्या पातळीला १०० ग्रॅम घाला. वरच्या उदाहरणात आता पुढे २६४, मागे १५६. एकूण ४२०, म्हणजे पुढे जवळजवळ ६३ टक्के. नेमकं हवं तिथे.

हे १०० ग्रॅम कुठे घालायचे, तर जितकं खाली तितकं चांगलं. पितळी नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाक धरून वळणारा भाग) आणि पितळी डिफ कव्हर (ॲक्सलच्या मधल्या गियरवरचं झाकण) मिळून ५०-६० ग्रॅम, उरलेलं पुढच्या चाकांत. विकत घेताना सेटवरचं वजन वाचा, नुसतं ‘पितळी’ लिहिलेलं पाहून घेऊ नका. चाकांत घालायला विकतचं काहीच लागत नाही. कथलाची जाड तार रिमवर, टायरच्या आत, घट्ट गुंडाळली की काम होतं. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्याची आणि गळाची शिसं मिळतात, तीही ठोकून चपटी करून लावता येतात. दोन्ही चाकं काट्यावर सारखी आली पाहिजेत, प्रत्येकी २० ग्रॅम पुरे. वर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, कारण खाऱ्या पाण्याने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि फोम खराब होतो. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि लहान मुलांच्या हाती तुकडे लागू द्यायचे नाहीत, इथे हयगय नको. मागच्या चाकांत काही घालू नये. फिरणाऱ्या चाकातलं वजन गियरवर आणि शाफ्टवर (मोटरीची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर) ताण देतं, म्हणून ते फक्त गरज आहे तिथेच.

आडवं उलटणं तपासायला एक फळी पुरते. फळीवर ट्रक आडवा ठेवा, वरच्या बाजूची चाकं सुटेपर्यंत एक कड हळूहळू उचला, आणि फोनमधल्या कोनमापकाने कोन वाचा. टायरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर १०० मिमी आणि गुरुत्वमध्य ४५ मिमीवर असेल तर ४८ अंशांना उलटतो. मध्य ३५ मिमीवर आणला तर ५५ अंशांपर्यंत थांबतो. प्रत्यक्षात टायर आणि स्प्रिंग दबतात, त्यामुळे आकडा थोडा खालीच येतो. प्रत्येक बदलानंतर हा कोन वहीत लिहा. छतावरचं कॅरियर, स्टेपनी, दिव्यांची पट्टी दिसायला देखणी असली तरी तिथला एक-एक ग्रॅम या कोनातून वजा होतो. जाड प्लास्टिकच्या बॉडीऐवजी पातळ लेक्सन प्लास्टिकची बॉडी बसवली तर फरक लगेच आकड्यात दिसतो.

टायर. मोठं टायर घ्यायचा मोह होतो, कारण पोटाखालची जागा वाढते. पण मूळ टायर साधारण ५५ मिमीचं असताना ६२ मिमीचं घातलं तर चाक जवळजवळ १३ टक्क्यांनी मोठं होतं. चाकाची ओढ तितक्याच प्रमाणात घटते, ट्रक वर उचलला जातो, आणि वळताना टायर फेंडरला घासतं. एक दात कमी असलेलं पिनियन (मोटरीवरचं छोटं गियर) बसवून थोडी भरपाई होते, पूर्ण नाही. १/२४ ला ५८ ते ६० मिमीच्या आसपास थांबावं असं मला वाटतं. नक्षी मोठ्या ठोकळ्यांची घ्यावी. बारीक नक्षीत ओली लाल माती बसली की टायर गुळगुळीत गोळा होऊन जातं. जांभ्याच्या धारेने मऊ रबराचे ठोकळे झिजतात आणि कडेने फाटतात. ते खर्चात धरायचंच, कारण कडक रबर जास्त टिकतं पण चढत नाही.

खरी गंमत आतल्या फोममध्ये आहे. खोक्यातून येतो तो फोम या हलक्या ट्रकला बहुधा फार टणक असतो. दगडाच्या टोकावर टायर दबून त्याला कवेत घेतलं पाहिजे, ते होत नाही. फोमची रिंग बाहेर काढा. बाहेरच्या कडेला समान अंतरावर आठ त्रिकोणी खाचा, फोमच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, धारदार कात्रीने कापा. पुन्हा बसवून ट्रकच्या वजनाने टायर किती दबतं ते पाहा. कडेची भिंत किंचित फुगलेली दिसली पाहिजे, रिम दगडाला लागता कामा नये. पुढे आठ खाचा, मागे चार-पाच. मागचं टायर जास्त मऊ केलं तर आडव्या उतारावर ते दुमडतं आणि ट्रक तिथेच लोळतो. खाचा एकदम खोल कापू नका. कापलेला फोम परत जोडता येत नाही.

समुद्राजवळ चालवणार असाल तर साधा, पाणी पिणारा फोम नकोच. तो खारं पाणी धरून ठेवतो, चाक बेढब जड होतं आणि आतून बेअरिंग गंजतं. बंद पेशींचा फोम घ्या, चपलेच्या तळव्याला किंवा पॅकिंगला वापरतात तसा. टायरच्या नक्षीत समोरासमोर दोन भोकं तापलेल्या सुईने पाडा, म्हणजे आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जातं. बीडलॉकचे, म्हणजे टायर रिमवर आवळून धरणाऱ्या कड्याचे, स्क्रू एकामागून एक गोल न आवळता समोरासमोरचे आवळा, नाहीतर टायर एका बाजूला वर चढतं.

सर्व्होचं काम चाक वळवण्यापुरतं नाही, दोन दगडांत अडकलेलं चाक वळवणं हे आहे. प्लास्टिक गियरचा बारका सर्व्हो पितळी नकल घातल्यावर फार दिवस टिकत नाही. मेटल गियरचा घ्या, २ किलो-सेंमीच्या आसपास ताकद पुरे. पण आधी दोन गोष्टी पाहा. रिसीव्हरच्या (रिमोटचा संदेश घेणाऱ्या भागाच्या) बाजूने किती व्होल्ट येतात आणि सर्व्होला किती चालतात, ही पहिली. प्लग जुळतो का, ही दुसरी, कारण या मापात बारके प्लग असतात आणि बऱ्याचदा वायर कापून डाग द्यावा लागतो. बसवताना रिमोट चालू करून, ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य जुळवायची सोय) शून्यावर ठेवून मगच हॉर्न (सर्व्होवरची छोटी दांडी) सरळ लावा. मग शेवटचं टोक ठरवा. चाक पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो अडून जोर लावतोय. अशा वेळी तो इतका करंट ओढतो की रिसीव्हरचं व्होल्टेज पडतं आणि चढावर ट्रक अचानक मेल्यासारखा थांबतो. लोक बॅटरीला दोष देतात. रिमोटवरचा स्टिअरिंगचा आवाका पाच-दहा टक्के कमी केला की बहुतेक वेळा दुखणं जातं.

सस्पेन्शन बघायचं तर आधी चारही शॉक काढून टाका. ॲक्सल हाताने वरखाली, तिरकं करा. ते स्वतःच्या वजनाने खाली पडलं पाहिजे. कुठे अडत असेल तर लिंकचा (ॲक्सल चेसिसला जोडणाऱ्या दांडीचा) स्क्रू जास्त आवळलाय किंवा बॉल-एंड (तिच्या टोकाचा गोळीचा सांधा) घट्ट आहे. बॉल-एंडला तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. लाल मातीची पूड त्या तेलात बसली की तिचा घासायचा मसाला होतो आणि महिन्याभरात सांधा ढिला पडतो. कोरडाच ठेवा.

एससीएक्स२४ चे मूळ शॉक बिनतेलाचे असतात. तेलाचे बसवले तर फरक पडतो, पण स्प्रिंग मऊ हवी. सपाटीवर उभा असताना शॉक साधारण अर्धा दबलेला असावा, म्हणजे एका दगडावर चाक वर गेलं तरी दुसरं खड्ड्यात खाली पोचतं. तेल हलकं घाला, आणि भरल्यावर पिस्टन हळू वरखाली करून बुडबुडे निघेपर्यंत थांबा. जोर दिल्यावर पुढची एकच बाजू वर उचलली जात असेल तर तो शाफ्टच्या पिळाचा परिणाम. मागच्या दोन स्प्रिंगांपैकी एकीला वॉशरने किंचित ताण द्या. कुठली बाजू ते प्रत्यक्ष चढावर दोन्ही करून ठरवा.

शाफ्टकडे लोक बघतच नाहीत. ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना सरकत्या शाफ्टचे दोन भाग एकमेकांत किमान ४-५ मिमी राहिले पाहिजेत, नाहीतर ऐन चढावर सुटून येतात. वजन वाढवल्यावर प्लास्टिकचे शाफ्ट पिळतात, स्टीलचे घ्यावे लागतात, आणि मग गंजाचं काम वाढतं. ॲक्सलमधून ‘टक टक’ आवाज येत असेल तर त्याच्या आतल्या क्राउन आणि पिनियन या दोन गियरचे दात एकमेकांवरून उडतायत. उघडून बेअरिंगच्या मागे शिम (पातळ चकती) घाला, वाट पाहू नका. तसंच चालवलं तर दोन फेऱ्यांत दात जातात.

मोटर. एससीएक्स२४ मध्ये ०३० मापाची ८८ टर्नची ब्रश मोटर असते. टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे. ते जास्त, तर वेग कमी आणि हळू चालवताना ताबा जास्त. क्रॉलरला हेच हवं. नवी मोटर घ्यायची तर वेगासाठी घेऊ नका, हळू सुरू होण्यासाठी घ्या. पिनियन आणि स्परच्या (त्याला जुळणाऱ्या मोठ्या गियरच्या) मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. कागदावर दातांच्या वळ्या उमटल्या पण तो फाटला नाही, म्हणजे अंतर बरोबर. एप्रिल-मे मध्ये कातळ तापलेला असताना मोटरला बोट लावून पाहा. तीन सेकंद बोट ठेववत नसेल तर थांबा, किंवा पिनियनचा दात कमी करा. दोन सेलची बॅटरी भरलेली ८.४ व्होल्ट असते. सेलला ३.३ व्होल्टच्या खाली नेऊ नका. ३५० एमएएचच्या बॅटरीला ०.३५ अँपिअरनेच चार्ज करायचं, आणि चार्जिंग चालू असताना घर सोडून जायचं नाही.

आता गंजाचा बंदोबस्त. मिठाला ओल ओढायची सवय असते, त्यामुळे वाळलेला ट्रकही आतून गंजत राहतो. काळे स्टीलचे स्क्रू आठवड्याभरात तांबडे होतात. सगळे स्टेनलेसचे करा, पण ते थोडे मऊ असतात, म्हणून पाना नेमक्या मापाचा हवा, नाहीतर डोकं गोल होतं. ॲल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस किंवा पितळ खाऱ्या ओलीत राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि स्क्रू कायमचा जाम होतो. आटे बसवताना ग्रीसचा बारीक थेंब द्या. धातूत धातूचा स्क्रू सुटून येत असेल तर तिथे ग्रीसऐवजी निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव), प्लास्टिकमध्ये कधीच नाही, त्याने काही प्लास्टिक तडकतं. बेअरिंग रबरी सीलची घ्या, पत्र्याच्या झाकणाची नकोत.

पुळणीवरून किंवा खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकांतून) आल्यावर धुणं त्याच दिवशी. बॅटरी आणि बॉडी काढा. दोन बादल्या गोड्या पाण्याच्या. पहिल्यात चाकं फिरवत बुडवा, इलेक्ट्रॉनिक्स वर राहील अशी. दुसऱ्यात पुन्हा. पाणी खरंच गोडं आहे ना ते बघा, किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि मचूळ पाण्याने धुणं म्हणजे मीठ पसरवणं. मग हवेच्या पंपाने सांधे फुंका, सावलीत वाऱ्यावर वाळवा, आणि बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. गंजविरोधी स्प्रे पाणी हाकलतो, पण तो वंगण नाही, त्याच्यावर तेल लागतंच. खोबरेल घालू नका. ते कालांतराने चिकट होतं आणि माती धरतं.

चाकाच्या हेक्समागे (चाक बसतं त्या षट्कोनी तुकड्यामागे) आणि शाफ्टच्या सांध्यांत दर वेळी चिमटा घालून पाहा. माडाच्या बागेतून ट्रक गेला की सोडणाचा काथ्या ॲक्सलभोवती गुंडाळतो, किनाऱ्यावर जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा दोरा). बाहेरून दिसत नाही. तो आवळत आवळत बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतो आणि चाक जड होतं. मोटर विनाकारण तापायला लागली तर पहिला संशय याच्यावर घ्यावा.

पावसाळ्यात ट्रक बंद ठेवायचा असेल तर बॅटरी सेलला ३.८ व्होल्टवर आणून वेगळी ठेवा. ट्रक झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, चाकं अधांतरी राहतील असा ठोकळ्यावर. तसाच टेकवून ठेवला तर फोम एका बाजूला बसतो. पंधरा दिवसांनी चाकं हाताने फिरवा आणि पुड्या बदला.

चालवायला जागेची वाण नाही. ढासळलेला गडगा, जुनी पाखाडी, बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणीतले तुकडे, सगळं उत्तम. मालकाला विचारून जावं. खाणीच्या कडेला मात्र नको, पावसाळ्यात तिथे खोल पाणी भरतं. खडपात जाताना भरतीची वेळ पंचांगावरून काढता येते. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ओहोटी लागत असतानाच जावं, भरती सुरू झाली की निघावं. कालवं चिकटलेल्या खडकावर ट्रक घालू नये. धार टायर उभं चिरते, आणि ती कालवं कोणाच्या तरी घरची भाजी असते.

सड्यावर एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या कित्येक सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही त्यांतली काही ठिकाणं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घेतली गेली. कित्येक रेषा मातीने आणि गवताने बुजलेल्या असतात, पटकन दिसत नाहीत. ट्रकचा पितळी भाग त्या रेषेवर घासला तर ओरखडा उठतो, आणि तो पुसता येत नाही. ट्रक सोडण्याआधी कातळावरून एकदा पायी फिरून घ्या. कोरलेली एक जरी रेषा दिसली तर तो सडा सोडून दुसरीकडे जा.

बरोबर न्यायचा डबा छोटाच पुरतो. १.५ मिमीचा पाना, चार जादा चाकाचे नट, एक पुढचा आणि एक मागचा शाफ्ट, जादा पिनियन, बारका चिमटा, दात घासायचा जुना ब्रश, दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत, आणि बाटलीभर गोडं पाणी. कोकणात पार्सल यायला दिवस लागतात, त्यामुळे जो भाग एकदा तुटला तो मागवताना दोन मागवावेत.